सरकीची दुसरी सही

हैदराबाद,
११ ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
प्रेरणाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. कानातलं यंत्र तुम्ही अजून कपाटातच ठेवलंय हे आईच्या तक्रारीवरून कळलं. ते झुरळांना ऐकू यावं म्हणून घेतलं नव्हतं, बाबा. असो. त्यामुळे निदान आपला पत्रव्यवहार टिकून आहे आणि होस्टेलच्या वॉचमनला माझ्याबद्दल आदर आहे.

आईने विचारलंय की शेजारच्या अनुसयाबाईंना सांगायचं काय, पोरगी इतकी वर्षं शिकून राह्यली म्हणजे करून काय राह्यली. त्यांना सांग, मी बेवारशी पडलेल्या क्रिप्टो नेटवर्कांची चौकशी करते. काही वर्षांपूर्वी जो तो उठून आपापलं चलन काढत होता. अशा प्रत्येक चलनाची एक वही असते. ती कोणा एकाकडे नसते. सामील असलेल्या सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर तिची एकेक प्रत असते आणि नवं पान पडलं की सगळे ते तपासतात, म्हणून कोणाला खाडाखोड करता येत नाही. पुढे लोक कंटाळतात, भाव पडतो, एकेक जण आपला कॉम्प्युटर बंद करतो. शेवटचा बंद झाला की वही संपली. अशा एकशे चाळीस वह्या मी गोळा केल्यात. प्रत्येकीपुढे लिहिते, केव्हा बंद पडली आणि का.

त्यात आपल्या रुपेशदादाची ‘सरकी’ही आहे. तिच्यापुढे मी न बघताच लिहून टाकलं होतं: मे २०२१, चालवणारा गेला. बघायची हिंमत नव्हती. गेल्या आठवड्यात गाईड सरांनी सगळ्या नोंदी पुन्हा तपासायला लावल्या, तेव्हा दिसलं की सरकी चालू आहे. रोज नवी पानं पडतात, पण रोज आठच तास. तीन दिवस दिवसा, चार दिवस रात्री, दर आठवड्याला तसंच. सर दोन दिवस डोकं खाजवत होते की हे कुठल्या देशाचं घड्याळ आहे. मला बघताक्षणी कळलं. हे अल्लीपूरच्या शेतीच्या विजेच्या लाईनचं वेळापत्रक आहे.

बाबा, विहिरीजवळच्या खोलीत दादाने ठेवलेला कॉम्प्युटर तुम्ही चालवता का? मी रागावणार नाही, फक्त खरं कळवा.

आईने गुडघ्याला तेल लावायचा आळस करू नये. दोघांची माया आहे तशीच असू द्यावी.

तुमची,
प्रेरणा


अल्लीपूर,
२४ ऑगस्ट २०२५

चि. प्रेरणा हिस,
कवडूबाबाचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. पऱ्हाटी कमरेला लागली आहे. पाऊस बेताचा आहे, तक्रार करण्यासारखं काही नाही.

तू विचारलंस म्हणून लिहितो. हो, मी चालवतो. दवाखान्यातून रुपेशचा शेवटचा फोन आला तेव्हा त्याला दम लागत होता. मी तब्येतीचं विचारलं. त्याने एवढंच विचारलं की शेतातली मशीन सुरू आहे ना. मी हो म्हणालो. प्रेरणा, ती सुरू नव्हती. घरी सगळे तापाने पडले होते आणि चार दिवसांत मी शेताकडे फिरकलो नव्हतो. आजारी पोराशी मी खोटं बोललो. फोन ठेवला आणि तसाच सायकलने शेतात जाऊन बटन दाबलं. संध्याकाळी तो गेल्याचं कळलं.

तेव्हापासून लाईन आली की मी जातो. पडद्यावर एक नंबर असतो, तो दर दहा मिनिटांनी एकने वाढतो. नळयोजनेच्या नोकरीत सत्तावीस वर्षं मोटारीचं रीडिंग लिहिलं, त्या सवयीने हाही नंबर रोज लिहून ठेवतो. इंटरनेटचं रिचार्ज चुकवत नाही. मुंग्या होऊ नयेत म्हणून डांबरगोळ्या ठेवल्या आहेत आणि धूळ दाढीच्या ब्रशने काढतो. मशीन घरी आणावी असं मनात आलं होतं, पण कोणती वायर कुठे लावायची ते मला जमलं नसतं, म्हणून हात लावला नाही.

एकदाच घोळ झाला. मे २०२३ मध्ये अकरा दिवस मशीन चालू व्हायची पण नंबर हलायचा नाही. चूक माझी आहे. एक दिवस मी कामासाठी वर्धेला गेलतो. लाईन येऊन गेली आणि मशीन लावायची राहिली. दुसऱ्या दिवसापासून नंबर थांबला तो थांबलाच. मी दिवसातून वीस-वीस वेळा बंद-चालू केलं, नवा स्टॅबिलायझर आणला. बाराव्या दिवशी नंबर आपोआप वाढला. त्यानंतर मी एकही दिवस चुकवला नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या तानबाला पाठवत होतो.

तुझ्या आईला हे पटत नाही. ती म्हणते की रात्रीच्या लाईनीत जाता, एखाद्या दिवशी पाय सापावर पडन, मंग मी कोणाचा नंबर लिहू.

तू यातली शिकलेली आहेस म्हणून दोनच गोष्टी विचारतो. माझ्या हातून काही बिघडलं नाही ना? आणि नंबर वाढतो म्हणजे रुपेशचं काम चालू आहे, असंच ना? सवडीने कळव, पण नक्की कळव.

जेवणाची हयगय करू नको. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे हे ध्यानात ठेव.

तुझे,
बाबा


हैदराबाद,
५ सप्टेंबर २०२५

सौ. मयुरीवहिनीस,
प्रेरणाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

वहिनी लिहावं की नको यात दोन कागद फाडले. शेवटी ठरवलं की दुसरं काही मला येत नाही. घरचा पत्ता माझ्याकडे नाही म्हणून कॉलेजवर पाठवते आहे.

दादा गेल्यावर दहा महिन्यांनी तुझे वडील तुला न्यायला आले, तेव्हा आई दारात म्हणाली की आता गेलीस तर या घरी पाय ठेवू नको. मी तिथेच उभी होते. मी तोंड उघडलं नाही, आणि नंतरच्या वर्षांत एक फोनही केला नाही. त्याची लाज वाटते. माफ कर असं लिहायचा मला हक्क आहे की नाही, माहीत नाही.

लिहायचं कारण सरकी. बाबांच्या पत्राची नक्कल सोबत आहे, ती आधी वाच.

त्यांना वाटतं की ती मशीन एकटीच पानं लिहिते. पण सरकीचा नियम मला ठाऊक आहे. आईच्या बचत गटात अध्यक्ष आणि सचिव दोघींची सही झाल्याशिवाय काम पुढे जात नाही, तेच बघून दादाने हा नियम बसवला होता. दोन वेगवेगळ्या सह्या असल्याशिवाय पान पडतच नाही. बाबांच्या मशीनमधून पडते ती दादाची सही. दुसरी सही तुझी आहे, वहिनी. चार वर्षं, रोज, त्याच आठ तासांत. फक्त मे २०२३ चे अकरा दिवस नाही. त्या महिन्यात तुझं लग्न झालं हे मला कुठूनसं कळलं होतं.

बाबांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही.

उत्तर दे, रागावून दिलंस तरी चालेल.

तुझी,
प्रेरणा


वर्धा,
२२ सप्टेंबर २०२५

चि. प्रेरणास,
मयुरीचा स. जय भीम.

शिपायाने पत्र भर स्टाफरूममध्ये दिलं. आजकाल कोण पत्र लिहितं म्हणून सगळ्यांच्या माना वळल्या. मी विम्याचं आहे असं सांगितलं आणि प्रयोगशाळेत जाऊन वाचलं. बाबांच्या पत्राची नक्कल तिथेच दोनदा वाचली.

सरकी का पडली हे तुझ्या संशोधनाला हवं असेल तर लिहून घे, मी तिथे होते. कापूस वेचणाऱ्या बायांचं रोजचं वजन असं नोंदवायचं की मागाहून कोणाला ते कमी करता येऊ नये, एवढीच रुपेशची इच्छा होती. पहिल्या हंगामात दोनशे बाया आल्या. पण फोन त्यांच्या हातात नव्हते, घरच्या पुरुषांच्या खिशात होते. आम्ही रात्रंदिवस नियम लिहिले आणि हे आम्हाला सुचलं नाही. पुढे बाहेरच्यांना वास लागला, ते सरकी विकत घेऊ लागले. तीन आठवडे भाव चढला, चौथ्यात कोसळला, ते निघून गेले आणि त्यांच्या मागोमाग आपलेही गेले. उरलो आम्ही दोघं. मी रोज भांडायचे की बंद कर आता. तो म्हणायचा की पुढच्या हंगामाला बघू.

तो गेल्यावर लाईन आली की बाबा शेताकडे जाताना दिसायचे. मी आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून दुसरी सही करायचे. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. तुमच्या घरातून निघाले तेव्हा कपड्यांआधी लॅपटॉप घेतला.

लग्नात ठरवलं होतं की आता पुरे. अकरा दिवस धीर धरला. पण इकडून मला दिसत होतं की तिकडची मशीन वीस-वीस वेळा बंद होते, चालू होते. तो म्हातारा माणूस तिथे काय करत असेल ते डोळ्यांपुढून जाईना. हातावरची मेंदी उतरली नव्हती तेव्हाच पुन्हा सही केली.

हे आपोआप होईल अशी व्यवस्था मला पाच मिनिटांत करता आली असती. केली नाही. लाईनचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय आणि दर वेळी पासवर्ड मीच टाकते. नवऱ्याला माहीत आहे. त्याने कधी एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच मला जड जातं.

आता मला थांबायचं आहे, प्रेरणा. मला मुलगी झाली आहे, सात महिन्यांची, यशोधरा. ती रडत असते आणि मी पासवर्ड टाकत असते. तेवढा वेळ मी रुपेशची बायको असते आणि मग उठून तिला घेते. दोन्हीकडे मी अर्धीच असते. पण थांबले तर बाबा पुन्हा बटन दाबत बसतील आणि चूक आपलीच म्हणतील. रुपेश गेला त्यात माझा काही इलाज नव्हता. हे मात्र माझ्या हाताने होईल, याची मला भीती वाटते.

तुझ्यावर राग नाही. होता, खूप होता. जिव्हाळा उरला असेल तर लिहीत राहा.

मयुरी


हैदराबाद,
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय वहिनी,
सप्रेम जय भीम.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरी गेले होते. बाबांना समोर बसवून सगळं सांगायचं असं ठरवून गेले आणि चार दिवसांत तोंड उघडलं नाही. त्यांनी मला शेतात नेलं, मशीन दाखवली, नंबर वाढला तेव्हा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. यशोधराचंही सांगितलं नाही, कारण आईने तुझं नाव काढू दिलं नाही.

मला एक सुचतं. तुझ्या सहीची किल्ली, म्हणजे तो पासवर्ड आणि त्याची फाईल, मला दे. मी इथून दुसरी सही करत राहीन. तू मोकळी होशील, बाबांचा नंबर वाढत राहील, कोणाला काही कळायला नको. मी संशोधक आहे आणि ज्याचा अभ्यास करते त्यात असा हात घालणं गैर आहे, हे मला कळतं. गेलं उडत.

लवकर उत्तर दे. छोटीला माझा पापा.

प्रेरणा


वर्धा,
२१ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रेरणा,
जय भीम.

किल्ली देणार नाही. तुझ्या संशोधनाची काळजी तू कर, मला ती नाही. पण आज माझ्या गळ्यातलं काढून तुझ्या गळ्यात घालायचं, उद्या तुझं लग्न होईल, मूल होईल, मग तू कोणाच्या गळ्यात घालशील? आणि बाबा सत्तरीला आले. आपण दोघी मिळून त्या माणसाला रात्री-बेरात्री सापांतून चालवतो आहोत. सुरुवातीला मला वाटायचं की मी त्यांच्यासाठी करते. आता वाटतं, मी सही करते म्हणूनच ते जातात.

३० नोव्हेंबरला रविवार आहे. त्या दिवशी मी शेवटची सही करीन. त्याआधी बाबांना तू सांग. मी सांगायला गेले तर दार उघडेल की नाही, माहीत नाही. एवढंच सांग की अकरा दिवस त्यांच्या चुकीचे नव्हते, माझे होते. राग धरायचा तर माझ्यावर धरू दे.

यशोधरा आता बसायला लागली आहे. तुझं पत्र तिने चाखून बघितलं.

स्नेह असू दे.

मयुरी


हैदराबाद,
४ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा,
सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही विचारलेल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी अडीच महिने दाबून ठेवली. घरी आले तेव्हाही भ्याले. आता लिहिते. आईलाही वाचून दाखवा.

तुमच्या हातून काहीही बिघडलं नाही. ना तेव्हा, ना त्या अकरा दिवसांत. मशीन तुम्ही ठेवली तशी कोणी ठेवली नसती.

दुसरं उत्तर कठीण आहे. नंबर वाढतो तो एकट्या तुमच्या मशीनमुळे नाही. प्रत्येक पानावर दोन सह्या लागतात. एक दादाची, ती तुमच्याकडून जाते. दुसरी मयुरीवहिनी करत आली आहे. आधी आपल्याच घरातून, मग वर्धेहून, तुमच्या लाईनचं वेळापत्रक बघून. ते अकरा दिवस तिच्या लग्नाचे होते. तुमची धडपड तिला तिकडे दिसली आणि तिने पुन्हा सुरू केलं. तिच्या दोन्ही पत्रांच्या नकला सोबत ठेवल्या आहेत. तिला आठ-नऊ महिन्यांची मुलगी आहे, यशोधरा. ३० तारखेनंतर ती सही करणार नाही. मग तुम्ही कितीही वेळा चालू केलं तरी नंबर वाढणार नाही, आणि त्यात तुमचा दोष नसेल.

सरकीत आता तिसरं कोणी नाही, बाबा. कापसाचं वजन नाही, बाया नाहीत. चार वर्षांची सगळी पानं कोरी आहेत, त्यांवर फक्त दोन सह्या आहेत. दादाचं काम चालू आहे का, असं तुम्ही विचारलं होतं. काम नाही चालू. हे लिहिताना मी रडते आहे, आणि तुमच्यापाशी असायला हवं होतं असं वाटतं.

तिचा पत्ता खाली दिला आहे. लिहा असं म्हणत नाही.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी,
प्रेरणा


अल्लीपूर,
२९ नोव्हेंबर २०२५

चि. मयुरी हिस,
कवडूबाबाचे अ. उ. आ. जावईबापूंना जय भीम आणि चि. यशोधरेस गोड पापा.

सून म्हणून लिहिता येत नाही आणि परकी म्हणूनही हात चालत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. चालवून घे.

प्रेरणाचं पत्र आलं. तुझ्या सासूबाईला वाचून दाखवलं. तिसऱ्या दिवशी भाकरी टाकता टाकता म्हणाली की पोरीले लेकरू झालं, अन् मले काऊन नाई सांगतलं कोणी. तेव्हा दारात कोण काय बोललं होतं, याची मी तिला आठवण करून दिली नाही. ती पत्र लिहिणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. पण मुलीचं नाव तिने मला दोनदा विचारलं.

एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती, ती तुला सांगतो. तुझ्या लग्नाच्या दिवशी मी वर्धेला आलतो. घरी सांगितलं की बियाण्याच्या कामाला जातो. हॉलच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे दीड-दोन तास उभा होतो. तुला आशीर्वाद द्यावा असं होतं. पण मुलाकडच्या कोणी विचारलं असतं की हे गृहस्थ कोण, तर तुला उत्तर देणं जड गेलं असतं. म्हणून आत आलो नाही. तू गाडीत बसताना दिसलीस, तेवढं पाहून एसटीने परतलो. दुसऱ्या दिवशी नंबर बंद. आपल्यात असल्या गोष्टी मानत नाहीत आणि मीही कधी मानल्या नाहीत, पण तेव्हा मानलं. वाटलं, मी त्याची मशीन सोडून तुझं लग्न बघायला गेलो म्हणून रुपेश रागावला. अडीच वर्षं हे मनात धरून होतो. तुझं पत्र वाचलं आणि ते उतरलं. तू सही बंद ठेवली ती बरोबर केली होती. नव्या घरी गेलेल्या मुलीला हे ओझं नको होतं. माझ्यापायी तुला ते पुन्हा उचलावं लागलं.

चार वर्षं मी समजत होतो की मी एकटा आहे. तूही रोज तिकडे बसलेली होतीस, हे ठाऊक असतं तर मी दोनच महिन्यांत थांबलो असतो. तू माझ्यासाठी करत होतीस, मी त्याच्यासाठी करत होतो, आणि तो तर नव्हताच. रडू आलं ते यासाठी.

तू लिहिलंस की हे तुझ्या हाताने होईल याची तुला भीती वाटते. ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं. तू उद्या थांबणार होतीस. आज सकाळी लाईन आली तेव्हा मी शेतात गेलो. तुझ्या सासूबाईला सोबत घेतलं, इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा त्या खोलीत आली. थोडा वेळ आम्ही बसलो. मग मी मशीन बंद केली, वायर काढली आणि खोलीला कुलूप लावलं. तू उद्या सही करायला बसशील तर इकडून जोडीला सही येणार नाही. म्हणजे तुझ्यामुळे काही थांबलेलं नाही. ते आधीच थांबलं होतं.

कोणी विचारलं, तुझ्या मनाने जरी विचारलं, तरी सांगजो की बाबांनी बंद केलं.

इकडे येणं होईल तेव्हा येजो, आग्रह नाही. आमचा जीव तुझ्यावर होता तसाच आहे, तोही तुला जड होऊ नये.

तुझा,
कवडूबाबा